दत्ताला, बँकॉकहून

बँकॉक,
दिवाळी पाडवा

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. समर्थला मुय थाई, म्हणजे इथली लाथा-ठोशांची लढत, शिकायला इकडे पाठवावं का, असं तू विचारलं आहेस. पोरगं अकरा वर्षांचं, तालमीत पाय चपळ, आणि मोबाईलवर इथल्या लढती बघून त्याने हट्टच धरलाय, हे सगळं वाचलं. एका ओळीत हो किंवा नाही कळवता आलं असतं. पण तू वस्ताद आहेस आणि पोर तुझ्या भावाचं आहे, म्हणून जे पाहिलंय ते सविस्तर लिहितो.

आधी रिंगणाचं सांगतो. राजदामनोएन स्टेडियम १९४५ च्या डिसेंबरात सुरू झालं आणि लुम्पिनी १९५६ मध्ये. या दोन ठिकाणचा पट्टा मिळवणं ही इथल्या मल्लाची जन्माची कमाई. लुम्पिनी २०१४ मध्ये जुनी जागा सोडून शहराच्या उत्तरेकडे गेलं. राजदामनोएन अजून जुन्या बँकॉकमध्येच आहे, आणि मी जातो तो तिथेच. आत पाऊल टाकलं की आधी वास येतो. मल्लांच्या अंगाला चोळलेल्या तेलाचा झणझणीत वास, डोळ्यांत पाणी आणणारा. वरच्या पायऱ्यांवर पैज लावणारे उभे असतात, बोटांच्या खुणांनी भाव सांगत आणि एकमेकांवर ओरडत.

मग मुलं येतात. रिंगणात शिरायचं ते सगळ्यात वरच्या दोरावरून, कारण दोर डोक्यावरून जाता कामा नये. बायकांना पूर्वी खालच्या दोराखालून आत यावं लागे, आणि लुम्पिनीत तर २०२१ पर्यंत त्यांची लढतच होत नसे. ती बंदी उठली ते फार चांगलं झालं. आत आलेला मल्ल दोरावर हात ठेवून चारी कोपऱ्यांना फिरतो, मध्यभागी गुडघे टेकून तीनदा कपाळ लावतो, आणि मग संथ पावलांचा एक नाच करतो. याला वाय ख्रू म्हणतात. नाच ज्याच्या त्याच्या गुरूचा. जाणकार माणूस पावलं बघून मुलगा कुठल्या घराण्यात शिकलाय ते ओळखतो.

या वेळी मुलाच्या डोक्यावर मोंगकोन असतं. घट्ट वळलेल्या दोऱ्याची जाडसर कडी, मागे शेपटासारखा गोंडा. ते मुलाचं नसतं, वस्तादाचं असतं. त्यानेच चढवायचं आणि त्यानेच उतरवायचं. जमिनीवर कधी ठेवायचं नाही. एकदा अगदी कोपऱ्याजवळ बसायला मिळालं तेव्हा नीट पाहिलं. नाच संपवून मुलगा दोराशी आला, हात जोडून मान खाली घातली. वस्ताद साठीचा, पायात साधी चप्पल. त्याने पुटपुटत काहीतरी म्हटलं, मुलाच्या टाळूवर हलकेच फुंकर मारली, मोंगकोन दोन्ही हातांनी उचलून कोपऱ्यातल्या खांबावर अडकवलं, आणि मगच दातांचं रबर तोंडात दिलं. तेवढा वेळ त्या गोंगाटात ते दोघंच होते. दत्ता, मला आपले आबा वस्ताद आठवले. मैदानात उतरण्याआधी तेही असाच पाठीवर हात ठेवायचे.

लढत सुरू झाली की वाजंत्री सुरू. पी चवा नावाची सनई, दोन ढोल आणि छोटे टाळ. पहिल्या फेरीत सूर रेंगाळत असतो, चौथी-पाचवी आली की ढोल धावायला लागतात. खासबागेत कुस्ती रंगात आली की हलगी चढते ना, तसंच. तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पहिल्या दोन फेऱ्या खडाखडीच्या. खरा हिशेब तिसऱ्या-चौथ्या फेरीत होतो. दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन नडग्या अशी आठ हत्यारं. पण पंच ठोशापेक्षा लाथेला आणि गुडघ्याला जास्त मान देतात. फटका बसल्यावर तोल कुणाचा गेला आणि कोण ताठ राहिला, हेही मोजतात. तुला आवडेल ती गळामिठी. मान धरून, तोल काढून समोरच्याला खाली पाडता येतं, पण कमरेवर घेऊन टाकायचं नाही. म्हणजे आपली ढाक इथे बाद.

जुन्या गोष्टीही खूप सांगतात. सगळ्यांच्या तोंडी असलेली नाय खानोम तोमची. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने तेव्हाची थाई राजधानी आयुथया जाळली, हजारो कैदी नेले. त्यांतल्या या मल्लाने १७७४ मध्ये ब्रह्मी राजासमोर एकामागून एक दहा जणांना लोळवलं आणि सुटका मिळवली, असं म्हणतात. आख्यायिकेचा भाग वगळला तरी १७ मार्च हा दिवस त्याच्या नावाने पाळतात आणि देशोदेशीचे शिष्य त्या दिवशी आयुथयाला गुरुवंदना करायला जमतात.

आता समर्थचा प्रश्न. मोबाईलवर त्याला जी मुलं दिसतात ती बहुतेक ईसानची. ईसान म्हणजे ईशान्येचं पठार, पावसावरची भातशेती, कर्ज, आणि कामासाठी बँकॉकला येणारी माणसं. तिथे देवळाच्या जत्रेत लढती लागतात. पोरगं सात-आठ वर्षांचं झालं की छावणीत जातं. पहाटे धावणं, दोरीवरच्या उड्या, गादीवर लाथा, मग शाळा, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. जिंकलेल्या पैशांतला वाटा घरी जातो. कित्येक घरं त्यावर उभी राहिली, हे खरं आहे. सोमलक कामसिंग खोन केनचा, ईसानचाच. मुय थाईतून मुष्टियुद्धात गेला आणि १९९६ मध्ये अटलांटाला थायलंडचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण त्याने आणलं. खाओसाय गॅलक्सीनेही सुरुवात मुय थाईतच केली. पुढे १९८४ साली मिळवलेलं जागतिक विजेतेपद त्याने १९ वेळा राखलं आणि १९९१ मध्ये विजेता असतानाच निवृत्त झाला.

पण २०१८ च्या नोव्हेंबरात बँकॉकलगतच्या सामुत प्राकानमध्ये १३ वर्षांचा एक मुलगा रिंगणात बेशुद्ध पडला आणि दोन दिवसांनी गेला. मेंदूत रक्तस्राव. आठव्या वर्षापासून तो सुमारे १७० लढती लढला होता. डोक्याला कसलंही संरक्षण नव्हतं. इथल्या १९९९ च्या कायद्याने पंधरा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या संमतीने लढता येतं. त्याच सुमारास बारा वर्षांखालच्या मुलांवर बंदी घालण्याचा मसुदा पुढे आला, डॉक्टरांनी वाढत्या मेंदूची चित्रं दाखवून सांगितलं, आणि छावणीवाल्यांनी विरोध केला. लहानपणी सुरुवात केली नाही तर मल्ल घडत नाही आणि गरिबाचं पोर कमावणार कुठे, हा त्यांचा मुद्दा. कमाईचं दुःख मला कळतं. तरीही मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. लहान मुलाच्या डोक्यावर मोठ्यांनी पैजा लावाव्यात हे मला कधीच पटणार नाही, मग वाय ख्रू कितीही सुंदर असो.

इतकं लिहून थांबलो असतो तर तुला वाटलं असतं की इथे पोरांना दुसरं काही नाही. तसं मुळीच नाही. संध्याकाळी माझ्या घराजवळच्या उड्डाणपुलाखाली ताक्रॉ नावाचा पायांनी चेंडू खेळायचा खेळ चालतो. त्यात मोटारसायकल टॅक्सीवाले आपली केशरी जाकिटं काढून उतरतात, शाळेतून आलेली पोरं असतात, एक पोस्टमन असतो. चेंडू पूर्वी वेताचा विणलेला असे, आता प्लास्टिकच्या पट्ट्यांचा. हात सोडून सगळं अंग चालतं. सेपाक ताक्रॉ या स्पर्धेच्या प्रकारात मैदान बॅडमिंटनएवढं, जाळी पुरुषांसाठी १.५२ मीटर, बाजूला तीन-तीन खेळाडू. एकाने हाताने चेंडू फेकायचा, वर्तुळात उभ्या असलेल्याने पाय डोक्याच्या वर नेऊन सर्व्हिस करायची. पलीकडे जाळीजवळचा खेळाडू हवेत उलटा होऊन चेंडू खाली मारतो आणि पुन्हा पायांवर उतरतो. पाठ जमिनीला लागत नाही. ते बघून तुझ्या तालमीतली सगळी पोरं वेडी होतील.

मला मात्र जुना प्रकार जास्त आवडतो. साडेपाच मीटरहून उंच एक कडं टांगलेलं, त्याला जाळीची पिशवी. खाली गोल करून उभे राहायचं, चेंडू पडू न देता फिरवत ठेवायचा आणि संधी मिळाली की कड्यात घालायचा. जितकी लाथ अवघड तितके गुण जास्त. पाठीमागे दोन्ही हातांचं कडं करून त्यातून टाचेने चेंडू वर काढणारा एक म्हातारा इथे आहे. त्याला पाहायला लोक मोटारसायकली थांबवतात. यात समोर शत्रू नसतो, सगळ्यांनी मिळून एक चेंडू हवेत राखायचा असतो. राजवाड्याशेजारच्या वाट फ्रा केओ देवळाच्या भिंतीवर रामायणाची चित्रं आहेत, त्यांत हनुमान वानरांबरोबर ताक्रॉ खेळताना रंगवलाय. समर्थला हे नक्की सांग.

आणि हा खेळ आपल्यालाही परका नाही. २०१८ च्या जकार्ता एशियाडला भारताच्या पुरुषांनी यात कांस्य घेतलं, संघात मणिपूरची मुलं भरपूर होती. उलट इथली मुलं आपल्या कबड्डीत उतरली. त्यांच्याकडे पूर्वीपासून ती चाप नावाचा पोरांचा खेळ आहे, एका दमात ‘ती’ असा सूर लांबवत पलीकडे जायचं, गडी मारायचा आणि दम तुटायच्या आत परत यायचं. त्यामुळे कबड्डी त्यांना सोपी गेली असावी. २०१० च्या एशियाडला महिलांच्या अंतिम सामन्यात आपल्यासमोर थायलंडच होतं, आपण २८-१४ ने जिंकलो. २०१६ च्या पुरुषांच्या विश्वचषकात अहमदाबादला उपांत्य फेरीत आपण त्यांना ७३-२० असं हरवलं, तरी उपांत्य फेरीत येणं ही छोटी गोष्ट नाही.

नव्या खेळांतही इथल्या गरिबांच्या मुलांना वाट मिळालीय, आणि तिथे डोकं फोडून घ्यावं लागत नाही. रात्चानोक इंतानोनचे आईवडील एका मिठाईच्या कारखान्यात कामगार. भट्ट्यांच्या आसपास पोरगी भाजेल म्हणून मालकिणीने तिला कारखान्याच्या बॅडमिंटन कोर्टावर सोडलं. ती २०१३ मध्ये अठराव्या वर्षी विश्वविजेती झाली. ग्वांगझूच्या त्या स्पर्धेत उपांत्य फेरीत तिने आपल्या सिंधूला हरवलं होतं. त्याच मालकिणीच्या बानथोंगयोद बॅडमिंटन शाळेतून कुनलावुत आला, २०२३ चा विश्वविजेता आणि पॅरिसचा रौप्यविजेता. सुरात थानीच्या पनिपाकने तायक्वांदोत टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली. महिलांचा व्हॉलिबॉल संघ तर घराघरातला लाडका. २००९, २०१३ आणि २०२३ असे तीनदा आशियाई विजेते. त्यांचा सामना असला की आमच्या खालच्या खानावळीत भात वाढायला कुणी उठत नाही. फुटबॉल सगळीकडे आहेच, त्याबद्दल लिहीत नाही.

नावांच्या शर्यती मात्र लिहायलाच हव्यात, कारण नुकत्याच पाहून आलो. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास संपला की नद्या भरलेल्या असतात, तेव्हा नानसारख्या ठिकाणी गावोगावच्या लांब नावा उतरतात. मोठ्या नावेत पन्नासेक वल्हेकरी. नाव एका ओंडक्यातून कोरलेली, ताखियन नावाच्या झाडाची. त्या झाडात देवी राहते असं मानतात, तोडण्याआधी तिची परवानगी घेतात, आणि नावेच्या टोकाला तिच्यासाठी रंगीत फिती बांधतात. एरवी नाव देवळाच्या आवारात ठेवलेली असते. शर्यतीच्या दिवशी सगळं गाव काठावर येतं, बाहेरगावी गेलेले तरुणही वल्हं धरायला परततात.

तर समर्थचं असं. पाठव, पण शिकायला. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तू किंवा वहिनी त्याच्याबरोबर या, माझ्याकडे राहा. घराजवळच्या छावणीतल्या वस्तादांशी मी बोललोय. गादीवरच्या लाथा, गळामिठी, धावणं, वाय ख्रू, हे सगळं ते शिकवतील. रिंगणात उतरवायचं नाही, असं मी त्यांना स्वच्छ सांगितलंय, आणि त्यांना ते मान्य आहे. त्यांचा स्वतःचा नातूही अजून लढत नाही, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. पंधरा वर्षांचा झाल्यावर त्याला लढायचं असेल तर तेव्हा तू, दादा आणि तो मिळून ठरवा. तोवर तालीम सोडू देऊ नकोस, मातीतले पाय इथे फार कामाला येतील.

एप्रिलमध्ये इथे उकाडा फार असतो आणि महिन्याच्या मध्याला सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, छावण्या बंद असतात, तेव्हा तिकिटं मे महिन्याची काढा. पोराचा पासपोर्ट आत्ताच करायला टाक, पोलीस पडताळणीला वेळ लागतो. येताना काकूंच्या हातचा कांदा-लसूण मसाला आण. वहिनींना आणि दादांना नमस्कार. समर्थला सांग, काकाने ताक्रॉचा चेंडू घेऊन ठेवलाय.

तुझा,
विनायक