कासव घेताय? मग वारसही ठरवा

रविवारच्या पुरवणीत रिटायरमेंटनंतर पाळायला 'कमी कटकटीचे' प्राणी म्हणून कासवाचं नाव वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. कुत्र्यासारखं फिरवायला न्यायला नको, केस गळत नाहीत, आवाज नाही, हे सगळं खरंय. पण दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत मिळणारं ते डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासंच मोठं पिल्लू, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, नीट सांभाळलं तर २०-३० वर्षं आरामात जगतं आणि मादी असेल तर जेवणाच्या ताटाएवढी होते, हे लेखात कुठेच नाही. पासष्टीला घेतलं तर नव्वदीत टँकचं पाणी कोण बदलणार? मुलं पुण्यात नाहीतर परदेशात, आणि सुनेला सालमोनेलाची, म्हणजे कासवांपासून माणसाला लागू शकणाऱ्या पोटाच्या जंतूची भीती (तीही काही उगाच नाही). मग शेवटी कोणीतरी पुण्याचं काम म्हणून ते देवळाच्या तळ्यात सोडून येतं. हे कासव मूळचं अमेरिकेतलं, आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जगातल्या १०० सर्वात घातक परक्या प्रजातींच्या यादीत आहे, आपल्याकडच्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा तेच बळकावतं. आणि त्याऐवजी पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेलं आपल्याकडचं स्टार कासव आणू म्हणाल तर ते पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे.

म्हातारपणी प्राणी पाळूच नये असं माझं म्हणणं नाही, सोबत लागतेच. पण असे लेख छापताना किंमत आणि खाण्याबरोबर आयुष्यही छापा, आणि घेणाऱ्यांनी आपल्यामागे कोण सांभाळणार ते आधी त्या माणसाला विचारून घ्यावं.

– एक वाचक, ठाणे