मापात पाप : वाणिज्यमंत्र्यांना एका तोलणाराचं खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

स.न.वि.वि.

मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तोलणार आहे. एकतीस वर्षं झाली. हे पत्र कोणाला लिहायचं यावरून घरात वाद झाला. बायको म्हणाली शिक्षणमंत्र्यांना लिहा, मेव्हणा म्हणाला परराष्ट्र खात्याला. मी म्हटलं, सही ज्याची, त्याला. ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारावर सही आपली आहे.

गेल्या महिन्यात माझी मुलगी परत आली. बर्मिंगहॅमहून दिल्ली, आणि दिल्लीहून थेट उलव्याचं नवं कोरं विमानतळ. या विमानतळासाठी डोंगर फोडताना आम्ही बघितलाय, नावासाठीचे मोर्चे बघितलेत. आमच्या घरातलं पहिलं माणूस तिथं उतरलं ते असं. दोन बॅगा आणि जाताना नेलेला तोच तीन लिटरचा कुकर. टॅक्सीत कोपरखैरणे येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली, "बाबा, हप्ता पाच तारखेलाच असतो ना?"

आता हिशोबाची पट्टी मांडतो.

सप्टेंबर 2022 मध्ये ती अन्नतंत्रज्ञानात एम.एस्सी. करायला गेली. घर बँकेकडे ठेवून 22 लाख कर्ज काढलं. वाशी स्टेशनजवळच्या एका कन्सल्टंटने (नाव घेत नाही, तो अजून तिथेच बसतो) आम्हाला एसीत बसवून सांगितलं होतं : पदवीनंतर दोन वर्षं तिथं राहून नोकरी शोधायची, नोकरी लागली की कंपनी व्हिसा करते, काका तुम्ही काळजी सोडा. यातली दोन वर्षांची गोष्ट खरी होती. त्या ग्रॅज्युएट व्हिसासाठी 2023 च्या डिसेंबरात 822 पौंड फी आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार 1,248 पौंड भरले. एकूण 2,070. आपले दोन लाखांच्या वर, नुसतं नोकरी शोधायला थांबण्याचे.

ती शोधतच राहिली. दिवसा अर्ज आणि रात्री गोदामात पार्सलं. मी मार्केटात गोण्या मोजतो, ती तिकडे खोकी मोजत होती. घराण्याची परंपरा म्हणा. अर्जांची तिनं एक्सेलमध्ये यादी ठेवली होती, 412 ओळी. प्रत्येक फॉर्मवर एक प्रश्न असतो : तुम्हाला आता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप, म्हणजे कंपनीने करून दिलेला व्हिसा, लागेल का? 'हो' वर टिक केली की बहुतेक ठिकाणी दोन दिवसांत नकाराचा मेल. 'नाही' वर टिक केली तर खोटं बोलल्याचा ठपका. माझी पोरगी खरं बोलत राहिली. शाळेत आम्हीच शिकवलं होतं, आता त्याचा पश्चात्ताप होतो.

शेवटी एका लहानशा अन्नप्रक्रिया कंपनीने तिला घ्यायचं ठरवलं. मुलाखत जूनमध्ये झाली, पत्र आलं 6 ऑगस्टला. पगार वर्षाला 32,000 पौंड. त्या दिवशी मार्केटात मी पेढे वाटले.

साहेब, इथे जरा नीट वाचा. मुलगी विमानात बसली तेव्हा नव्या पदवीधराला कामाच्या व्हिसासाठी किमान पगाराची सवलतीची अट होती 20,480 पौंड. एप्रिल 2024 मध्ये ती झाली 30,960. आणि 22 जुलै 2025 ला झाली 33,400. माझ्या मुलीचे 32,000. चौदाशे पौंड कमी, आणि पंधरा दिवस उशीर. कंपनी म्हणाली, एवढा पगार वाढवणं जमणार नाही, सॉरी. पत्र परत घेतलं. पेढे मात्र लोकांनी खाऊन टाकले होते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाडी लागली, गोणी काट्यावर चढली, की मग माप बदलत नाही. शेतकरी जुन्नरचा असो की नाशिकचा, व्यापारी कितीही मोठा असो. चढत्या मालावर कोणी वजनाला हात लावला तर हमाल काम बंद करतात आणि गाळ्यावर भांडण होतं. याला आम्ही काटा मारणं म्हणतो. ब्रिटनने माझ्या मुलीचा काटा मारला. त्यांचा देश आहे, त्यांचे नियम ते करणार, हे मला कळतं. उद्या येणाऱ्या मालाला नवं माप लावा की! पण काट्यावर चढलेल्याचं काय?

आणि आता तुमच्याकडे येतो. 22 जुलैला त्यांनी माप वाढवलं. 24 जुलैला, म्हणजे दोनच दिवसांनी, तुम्ही त्यांच्याच देशात जाऊन करारावर सही केली. फोटो पेपरात होते, सगळे हसत होते. करार मी मुलीकडून समजून घेतला. आपल्या 99 टक्के प्रकारच्या मालाला तिकडे शुल्क नाही. छान. त्यांच्या व्हिस्कीवरचं आपलं शुल्क 150 टक्क्यांवरून आधी 75 आणि दहा वर्षांत 40. गाड्यांवरचं ठरावीक कोट्यात 110 वरून 10 पर्यंत. कंपन्यांनी इथून तात्पुरत्या पाठवलेल्या माणसांना काही वर्षं तिथला सामाजिक सुरक्षेचा वाटा माफ. आणि वर्षाला 1,800 आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकारांना काम करायची सोय.

चूक माझीच. पोरीला सूर्यनमस्कार शिकवायला हवे होते.

माल जातो, व्हिस्की येते, पण तिथं फी भरून शिकलेलं पोर कोणत्याच यादीत नाही. विद्यार्थ्यांसाठी काय, असं विचारलं की दाखवतात ती 'यंग प्रोफेशनल्स' योजना, तरुण पदवीधरांना तिथं काही काळ काम करू देणारी. वर्षाला 3,000 जागा, त्याही चिठ्ठ्या टाकून. सिडकोच्या घराची सोडत आमच्या नशिबात दोनदा हुकली होती, ही तिसरी. 8 ऑक्टोबरला त्यांचे पंतप्रधान मुंबईत उतरले ते वाटेत विमानातच पत्रकारांना सांगून, की भारतीयांसाठी व्हिसाचे नियम सैल होणार नाहीत. त्याच दिवशी इकडे आमच्या विमानतळाचं उद्घाटन चालू होतं. पाहुण्याने दारातच 'मी जेवणार नाही' म्हणावं आणि आपण पंगत वाढत राहावं, तसं.

मुलीने आणखी एक गोष्ट दाखवली, ती वाचून मला रात्रभर झोप नाही आली. 2006 साली त्यांनी असेच मध्येच नियम बदलले होते, कुशल परदेशी लोकांच्या एका व्हिसाचे. त्यात आपली माणसं खूप होती. ती लंडनच्या हायकोर्टात गेली आणि एप्रिल 2008 मध्ये जिंकली. कोर्टाने सांगितलं, जे आधीच या योजनेत आलेत त्यांना जुनेच नियम लावा. म्हणजे चढत्या मालाचं माप बदलू नये, हे तिथल्या न्यायाधीशालाही पटलं होतं. आपल्या बाजूने टेबलावर बसलेल्या एवढ्या मोठ्या फौजेतल्या एकालाही हे काढून दाखवावंसं वाटलं नाही? की तिथं सगळे व्हिस्कीचाच हिशोब करत होते?

पुढे तर अजून आहे. 1 जानेवारी 2027 पासून जो त्या ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज करेल, त्याला दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार. फक्त पीएच.डी.वाल्यांची तीन वर्षं तशीच. 2012 ला हेच दार त्यांनी बंद केलं, 2021 ला उघडलं, आता पुन्हा अर्धं लावतायत. मधल्या प्रत्येक खेपेला आपली पोरं उंबऱ्यावर. आणि वाशी, ठाण्यात कन्सल्टंटांचे बोर्ड तेच. मजूर परदेशी पाठवणाऱ्या दलालाला 1983 च्या कायद्याने नोंदणी लागते. विद्यार्थी पाठवणाऱ्याला त्या कायद्यात काहीच लागत नाही. कांद्याच्या आडत्यालासुद्धा लायसन्स लागतं हो!

आता म्हणे परदेशी विद्यापीठंच इथं येणार. गेल्या जूनमध्ये पाच विद्यापीठांना पत्रं दिली, त्यात ब्रिटनची दोन, यॉर्क आणि ॲबरडीन. नवी मुंबईत 'एज्युकेशन सिटी'. म्हणजे फी इथं भरायची, आणि तो ग्रॅज्युएट व्हिसा तर तिथं राहून शिकलेल्यालाच मिळतो. पोरगं घरी, पैसे बाहेर. आणि पदवी घेतल्यावर जाणार कुठे? रबाळ्यात माझ्या मुलीला परवा सांगितलं, 24 हजार, कंत्राटावर, अकरा महिने. आमचा हप्ता 35 हजारांच्या वर आहे, कारण ती शिकत होती तेव्हाचं व्याज मुद्दलात मिळून 22 चे 26 लाख झाले. मोठ्यांची कर्जं निर्लेखित होतात, आम्हाला बँकेतलं पोरगं सकाळी साडेनऊला फोन करतं. बायकोच्या पाटल्या गेल्या. पतपेढीचं कर्ज निघालं. शेजारीण येऊन विचारते, "परत आली का? कायमची?" लग्नाचं स्थळ आणणारे तर वेगळेच. लंडनला होती म्हटल्यावर मागणी वाढते आणि कर्ज म्हटल्यावर फोन बंद.

माझा बाप पाटण तालुक्यातून मस्जिद बंदरला आला, पाठीवर गोणी वाहायला. त्याच्यासाठी अण्णासाहेब पाटील भांडले, 1969 ला माथाडी कायदा झाला. अंगठा लावणाऱ्या हमालासाठी या राज्याला कायदा करता आला. त्याच्या एम.एस्सी. झालेल्या नातीसाठी तुमच्याकडे एक कलमसुद्धा नाही.

मागणी फार नाही. पुढच्या बैठकीत एवढंच मांडा, की ज्या दिवशी पोरगं फी भरतं, त्या दिवशीचे नियम त्याला शेवटपर्यंत लागू राहावेत. जे परत आलेत त्यांच्या कर्जाच्या हप्त्याला वर्षभर सवड द्या, अर्थखातं तुमच्या शेजारीच आहे. आणि त्या कन्सल्टंटांना काहीतरी लायसन्स लावा.

उत्तर द्याल तर 'आपला अर्ज योग्य विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे' एवढं सोडून काहीही लिहा. इंग्रजीत लिहिलं तरी चालेल, वाचून दाखवायला मुलगी घरीच आहे.

थांबतो. पहाटे गाड्या लागतात.

आपला,
एक तोलणार
कोपरखैरणे, नवी मुंबई
3 फेब्रुवारी 2026