गोळी बारा आठवड्यांची आहे

सांगली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सिगारेटची तलफच येत नाही, मग ती सोडायच्या गोळ्या बंद करू का, असं तू परवा विचारलंस. उत्तर आधी लिहिते: करू नकोस. कोर्स बारा आठवड्यांचा आहे आणि तू अजून चौथ्यात आहेस. फोनवर बोलताना बाबा मध्येच दुसरा विषय काढतात आणि तुझी ऑफिसची वेळ होते, म्हणून हे सगळं बसून लिहिते आहे. सावकाश वाच.

सिगारेटमधलं निकोटिन मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं, त्याच जागी तुझी ही वॅरेनिक्लिनची गोळी बसते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी ती जागा धरून ठेवते. निकोटिनइतकं नाही, पण थोडं समाधान ती स्वतःही देते, म्हणून तलफ मंदावते. आणि मोहात पडून एखादा झुरका मारलाच, तर त्यात पूर्वीची मजा येत नाही, कारण जागा आधीच भरलेली असते. तुला आज जी शांतता वाटते आहे, तिच्यात तुझ्या निश्चयाचा वाटा आहेच. पण गोळीचाही आहे, आणि तो किती हे तुला आतून कळणार नाही. मेंदूला निकोटिनशिवाय राहायची सवय लागायला वेळ जातो. बारा आठवडे त्यासाठी आहेत.

तुझ्या इंग्लंडात ही गोळी २०२१ साली बाजारातून गेली होती. तिच्यात एक नको असलेलं रसायन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती जेनेरिक रूपात एनएचएसवर, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, परत आली. मधल्या त्या वर्षांत तू सोडायचं ठरवलं असतंस तर तुला ती मिळाली नसती. आता मिळते आहे, तर अर्धवट टाकू नकोस.

मेडिकलच्या काउंटरमागे माझं आयुष्य गेलं. बरं वाटलं की गोळी बंद, हे मी रोज बघते. बीपीचं तसं, अँटिबायोटिकचं तसं, आणि निकोटिनच्या च्युइंगगमचंही तसंच. आपल्याकडचं गिऱ्हाईक बहुतेक तंबाखू मळणारं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू खाणारे. ही माणसं मोठ्या उमेदीने गमची पहिली स्ट्रिप नेतात. दुसरी न्यायला फार थोडे येतात. साधा गम चघळावा तसा सारखा चघळतात, रस गिळतात, उचक्या लागतात, छातीत जळजळतं, आणि "आपल्याला हे सोसत नाही" म्हणून पुन्हा पुडी सुरू. मी प्रत्येकाला उभं करून सांगते: थोडं चावा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवा, त्या गेल्या की पुन्हा चावा, आणि गम घ्यायच्या आधी पाव तास चहा नको. एवढं समजलेला माणूस टिकतो.

हे इतकी वर्षं बघून माझं एक मत झालं आहे. औषध सुटतं ते विसरल्यामुळे कमी, आणि माणूस मनाशी ठरवून बंद करतो म्हणून जास्त. त्रास होतोय म्हणून बंद. गुण येत नाही म्हणून बंद. गुण आला म्हणूनही बंद! तुझं हे शेवटचं. म्हणून फोनवर नुसता अलार्म लावलास तर तो पुरणार नाही. विसरणाऱ्याला अलार्म आठवण करून देईल. ज्याने ठरवलंय तो अलार्म बंद करून झोपेल. गोळी घेतली नाहीस तर "का नाही घेतलीस?" असं विचारणारं आणि त्या उत्तराचं पुढे काहीतरी करणारं ॲप तुला हवं.

आपल्याकडे क्षयरोगाच्या औषधांसाठी अशी एक पद्धत आली होती, नाइन्टीनाइन डॉट्स नावाची. गोळ्यांच्या पाकिटाला वेगळं वेष्टण असायचं. गोळी दाबून काढली की तिच्यामागे दडलेला फोन नंबर दिसायचा. त्या नंबरला फुकट फोन लावला की आजची गोळी घेतल्याची नोंद व्हायची. साधा बटणांचा फोन असलेल्या माणसालाही ते जमायचं. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं: फोन आला नाही की आरोग्य कर्मचाऱ्याला ते कळायचं आणि तो चौकशी करायचा. यंत्राच्या पलीकडे माणूस होता. अर्थात फोन लावणं आणि गोळी गिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कोणतंही यंत्र त्यांच्यातलं अंतर पुरतं मिटवू शकत नाही. तुझ्या ॲपमधलं "घेतली" हे बटणही तसंच आहे. ते गोळी गिळल्यावरच दाबायचं, आधी नाही.

अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी खास वॅरेनिक्लिन घेणाऱ्यांसाठी असं ॲप करून पाहिलं आणि २०१६ मध्ये त्याची छोटी चाचणी छापली. आज कसं वाटतंय, मळमळ आहे का, झोप लागली का, हे ते विचारायचं आणि उत्तराप्रमाणे सल्ला द्यायचं. मला ही दिशा पटते. औषध सोडायचा विचार मनात येतो त्याच क्षणी कुणीतरी उत्तर द्यायला हवं. पुढच्या मंगळवारच्या भेटीपर्यंत तो विचार थांबत नाही.

आता तुझ्या तक्रारी. मळमळ ही या गोळीची सगळ्यात नेहमीची तक्रार, तीन-चार जणांतल्या एकाला होते. तू सकाळी कोऱ्या कॉफीवर गोळी घेतोस हे मला माहीत आहे. तसं करू नकोस. आधी पोटभर नाश्ता, मग गोळी, वर पेलाभर पाणी. पोहे करायला वेळ नसेल तर दोन ब्रेड आणि केळं खा, पण रिकाम्या पोटी नको. विचित्र, जिवंत वाटणारी स्वप्नं पडतात म्हणालास, तीही याच गोळीची. संध्याकाळची गोळी झोपताना न घेता जेवणाबरोबर लवकर घे, बऱ्याच जणांचं तेवढ्याने भागतं.

आणि कॉफीचं आणखी एक. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिनचा निचरा भराभर करतं. धूर थांबला की तोच कप पूर्वीपेक्षा जास्त वेळ अंगात राहतो. म्हणजे तू पूर्वीइतकीच कॉफी पितोस, पण ती तुला जास्त चढते. छातीत धडधड, चिडचिड, झोप उडणं, हे सगळं माणूस गोळीच्या नावावर लिहितो आणि गोळी बंद करतो. कॉफी निम्मी कर आणि आठवडाभर बघ. दारूचंही जपून. या गोळीबरोबर काही जणांना ती नेहमीपेक्षा जास्त चढते.

तुझ्या मित्राने इंटरनेटवरचं काही वाचून दाखवून घाबरवलं, तेही मनातून काढून टाकते. या गोळीने मन बिघडतं अशी भीती एके काळी खरोखरच होती, अमेरिकेत २००९ मध्ये पाकिटावर कडक इशाराही आला. मग आठ हजारांहून जास्त लोकांवर मोठी चाचणी झाली, त्यात मानसिक आजार असलेले आणि नसलेले दोन्ही घेतले होते. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: निकोटिनचा पॅच किंवा औषध नसलेली खोटी गोळी यांच्या तुलनेत असा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही, आणि सिगारेट सुटण्यात ही गोळी सगळ्यांच्या पुढे होती. त्याच वर्षाअखेरीस तो इशारा काढला. तरीही मन फार खाली गेलं, नको ते विचार येऊ लागले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा. तिथे वाट बघायची नाही.

ॲपने सिगारेट सुटते असं मी तुला सांगणार नाही, कारण तसं सगळ्याच ॲपबद्दल सिद्ध झालेलं नाही. काहींचा उपयोग दिसला आहे. तलफेशी झगडायचं नाही, ती येऊ द्यायची आणि जाऊ द्यायची, असं शिकवणाऱ्या एका अमेरिकी ॲपची २,४१५ जणांवर चाचणी झाली. वर्षाने त्यातले २८ टक्के सिगारेटपासून दूर होते, साध्या ॲपवाल्यांमध्ये २१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शनात या गोळीसारखी औषधं आणि समुपदेशन पुढे ठेवलं, आणि मोबाइलचे उपाय त्यांच्या जोडीला घ्या म्हटलं. तो क्रम मला बरोबर वाटतो. गोळी आणि माणूस आधी, फोन त्यांच्या मदतीला.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. तुझ्या ॲपमध्ये "सिगारेटविना इतके दिवस" असा मोठा आकडा आहे. एक सिगारेट ओढली की तो शून्यावर येतो. माणूस तो शून्य बघतो, खचतो, ॲप काढून टाकतो आणि त्याच तिरमिरीत गोळ्याही. तसं झालंच तर त्या शून्याकडे बघूही नकोस. घसरलास तरी गोळी चालू ठेवायची असते, ती त्या दिवसासाठीच तर आहे. तो आकडा पडद्यावरून लपवता येत असेल तर लपव, आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांची नोंद समोर ठेव. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नकोस. एकच.

आणि हे सगळं तू मला कळवत बसावंस असं नाही. आईला सांगायचं म्हटलं की माणूस चांगलं तेवढंच सांगतो. तुझ्या तिथल्या स्टॉप स्मोकिंग सेवेतल्या बाईंना खरं सांग. त्या दर भेटीला फुंकर मारायला लावून श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात ना, तो आकडा लपवता येत नाही आणि लपवायची गरजही नाही. ॲपमधली आठवड्याची नोंद त्यांना दाखव: कुठल्या दिवशी गोळी चुकली, त्या दिवशी काय झालं होतं. तेवढ्यावरून त्या तुला मी सांगते त्याहून नेमकं सांगतील. मात्रा कमी करायची असली तरी त्यांना विचारून. मनाने निम्मी करू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा तुझा नववा आठवडा असेल. कट्ट्यावरचे सगळे भेटतील, रात्री जागरणं होतील, हातात पाकीट पुढे येईल. म्हणून आत्ताच लिहून ठेवते. निघायच्या आधी पुढच्या गोळ्या हातात घे, ऐनवेळी चिठ्ठी संपली असं नको. त्या विमानात हातातल्या बॅगेत ठेव. इथे उतरलास की फोनचं घड्याळ पुढे सरकेल आणि अलार्म भलत्या वेळी वाजेल, तेव्हा घड्याळ सोडून जेवणावर चाल: सकाळी फराळानंतर एक, रात्री जेवणाबरोबर एक. फराळ पोटभर मिळेल, ते माझ्याकडे लागलं.

बाबांचे आशीर्वाद. उद्या सकाळची गोळी नाश्ता करूनच घे.

तुझी,
आई