बाबा, तुम्ही तोतया का ठरलात

ती. आई-बाबांस,
सा. न.

आईने सांगितलं, आजी आता बाबांच्या हातचं पाणीही घेत नाही. "दिसतो बाळूसारखा, पण हा बाळू नव्हे, तोतया आहे," म्हणते. डोक्याला मार लागून मेंदूत रक्त साकळलं होतं, त्यानंतरचंच ना हे? बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

रिचर्ड पॉवर्सची 'द एको मेकर' (२००६) नावाची कादंबरी मी वाचली आहे. नेब्रास्कातल्या कार्नी गावाजवळ मार्क नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा ट्रक रात्री उलटतो. तो कोमातून बाहेर येतो, हळूहळू बोलू लागतो, जुनंही बरंच आठवतं. फक्त सगळं सोडून सेवेला धावून आलेली सख्खी बहीण, कॅरिन, त्याला परकी वाटते. ती लहानपणच्या खाणाखुणा सांगते, तर त्याला वाटतं, हिला कुणीतरी पढवून पाठवलंय! पुढे त्याला कुत्रा आणि घरही नकली वाटू लागतं. (मधला मेंदूतज्ज्ञाचा भाग मला लांबल्यासारखा वाटला. प्लॅट नदीवर उतरणाऱ्या लाखो क्रौंचांची वर्णनं मात्र बाबांना आवडतील.)

या अवस्थेला कॅपग्रास सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच डॉक्टर कॅपग्रा यांनी १९२३मध्ये तिचं वर्णन केलं. एक स्पष्टीकरण असं, की चेहरा ओळखणारा मेंदूचा भाग शाबूत असतो, पण तो चेहरा पाहून आतून जे दाटून येतं, ते येईनासं होतं. मग मेंदू आपल्या परीने अर्थ लावतो: दिसतो तसाच, पण आपला वाटत नाही, म्हणजे सोंग. शेजारच्या काकूंना पाहून आजीला पूर्वीही काही दाटून येत नव्हतं, त्यामुळे त्या खऱ्याच राहिल्या. आई, तुलाही ती बिनतक्रार ओळखते, यावरून काय ते समज!

आजीला हेच झालंय असं मी इथून कसं म्हणू? मेंदूच्या डॉक्टरांना तिचे शब्द जसेच्या तसे सांगा. तोवर फोटो, जन्मदाखला असले पुरावे तिच्यापुढे ठेवू नका. कॅरिनचे कुठले चालले?

आणि एक करून पाहा. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. रामचंद्रन यांच्या एका रुग्णाला समोर उभे असलेले आई-वडील तोतये वाटत, पण फोनवर तो त्यांना लगेच ओळखे. बाबा, तुम्ही माडीवर जाऊन खाली आजीला फोन लावा. आई, तू तिच्या कानाशी फोन धर. औषध घेतलं का, एवढंच विचारा. काय म्हणते ते रात्री कळवा.

तुमची,
धाकटी