आई, गोळी बंद करू नकोस

नाशिक, १२ जानेवारी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल बाबांनी आईच्या थायरॉईडच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. टीएसएच, म्हणजे थायरॉईड नीट चालते का ते सांगणारा रक्तातला आकडा, २२. दिवाळीत तोच ३.१ होता. मी लगेच फोन केला, तर आई म्हणाली, "अगं, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी थांबवली. बरं झाल्यावर कशाला खायची?" मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आई, मागच्या वैशाखात मी सांगलीला आले तेव्हा अंगाची लाही होत होती आणि तू स्वेटर घालून ओट्याशी उभी होतीस. गवार मोडता मोडता तुझे डोळे मिटायचे. आवाज इतका घोगरा झाला की भजनी मंडळात जाणंच सोडलंस. आणि मी म्हणाले, "वय झालं आता, चालायचंच." ते वाक्य मला अजून टोचतं. वय नव्हतं ते. श्रावणात रक्त तपासलं तेव्हा टीएसएच ३८ निघाला.

गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. बाबांच्या शाळेच्या पुस्तकात ती अवटु ग्रंथी. लाळेसारखा तिचा स्राव नळीतून येत नाही, थेट रक्तात मिसळतो आणि टाचेपर्यंत पोचतो. पेशींनी किती वेगाने काम करायचं, किती ऊब तयार करायची, हे त्यावर ठरतं. तो कमी पडला की सगळंच मंदावतं. तुझी नाडी ५४ वर आली होती, पोट साफ होत नव्हतं, टाचा भेगाळल्या होत्या, कोलेस्टेरॉल वाढलं होतं. एकेका तक्रारीसाठी आपण वेगळं औषध आणत होतो. मूळ एकच होतं.

आता टीएसएचचं नीट ऐक, कारण घोळ तिथेच झालाय. टीएसएच थायरॉईडमधून येत नाही. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी आहे, तिने थायरॉईडला मारलेली ती हाक. संध्याकाळी तू मला अंगणातून हाक मारायचीस, आठवतं? पहिल्या हाकेला मी ओ दिली तर तुझा आवाज साधा असायचा. ओ आली नाही की चढत जायचा, पार शेजारच्या वाड्यापर्यंत. तुझी थायरॉईड ओ देत नव्हती, म्हणून हाक ३८ पर्यंत चढली. मग गोळीतून थायरॉक्सिन, म्हणजे त्या ग्रंथीचाच स्राव, मिळू लागलं, पिट्युटरीचं समाधान झालं, आवाज ३.१ वर उतरला. दिवाळीचा तो चांगला रिपोर्ट गोळीमुळे आला होता गं. तुझी ग्रंथी होती तशीच आहे.

"बंद केली तरी पंधरा दिवस काही झालं नाही," असं तू म्हणालीस. ते खरं आहे आणि तेच फसवं आहे. या गोळीतलं थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात. म्हणून दोन दिवस चुकली तरी जाणवत नाही, आणि बंद केली तर शरीर इतकं हळूहळू मंदावतं की आपलं आपल्यालाही कळत नाही. बाबा म्हणाले, तू पुन्हा दुपारी चारपर्यंत झोपतेस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तू विचारलंस, माझं काय चुकलं, काय खाण्यात आलं? काही नाही, आई. तुझ्या शरीराची संरक्षण यंत्रणा तुझ्याच ग्रंथीला परकी समजून तिला इजा करते. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून रिपोर्टवर ते नाव होतं. बाबांनी आयोडीनचं विचारलं होतं. आयोडीन कमी पडूनही थायरॉईड बिघडते. आताच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचे पुष्कळ रुग्ण होते. तिथे डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, गलगंड कमी झाला, आणि १९६२ साली देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. आपल्या डब्यातलं मीठ त्यातूनच आलंय. पण आईचा आजार मिठाने बरा होणारा नाही. मीठ नेहमीचंच राहू दे, कोबीची भाजीही खुशाल कर.

तुझी गोळी ७५ मायक्रोग्रॅमची आहे. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले ७५. एवढ्याशा औषधावर तुझी ऊब, तुझा आवाज, तुझी नाडी अवलंबून आहे, म्हणून ते पोटात नीट शोषलं जायला हवं. चहाबरोबर घेऊ नकोस. पाचला उठलीस की आधी गोळी आणि पाणी, मग अंघोळ, देवपूजा, आणि तासाभराने चहा. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर. दोन्हींत किमान ४ तासांचं अंतर हवं. बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम दोन घेऊ नकोस. जास्त झालं तर ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांशी मी आज सकाळी बोलले. उद्यापासून तोच डोस सुरू करायला सांगितलंय.

बाबा, तुम्हालाही एक सांगायचंय. आषाढी एकादशीला तुम्ही उपास केलात आणि शुगरची गोळी मात्र घेतलीत. ती गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही. शुगर ५८ वर गेली. तुम्हाला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, त्याला तुम्ही अशक्तपणा म्हणालात. तो शरीराने दिलेला इशारा होता. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींनी अ‍ॅड्रेनालिन सोडलं होतं, यकृताने साठवलेली साखर रक्तात आणावी म्हणून. पुन्हा तसं झालं तर वाट बघू नका, तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघा. उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, ते डॉक्टरांना आधी विचारा. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, भाजीला जातानासुद्धा.

आईची बाटली देव्हाऱ्यापाशी ठेवू नका, ती उशाशी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवा. कॅलेंडरवर रोज एक खूण करा, बाबा. आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासायचा आहे, त्या आठवड्यात मी रजा टाकून येते. आई, भजनी मंडळाच्या काकूंना मी फोन करून ठेवलाय. तुझी पेटीजवळची जागा त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही.

तुमची,
मनू