काकूंचा पंप बंद करू नकोस

प्रिय दिल्या,

काल फोनवर तू म्हणालास की काकूंच्या हातावर जांभळे डाग पडतायत, कोणीतरी सांगितलं दम्याच्या पंपातल्या स्टेरॉइडमुळे होतं, म्हणून त्यांनी पंपच ठेवून दिलाय आणि धाप लागली की नुसता निळा, लगेच आराम देणारा पंप ओढतायत. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. म्हणून औषधाचं दुकान बंद झाल्यावर निवांत लिहायला बसलोय.

पहिलं म्हणजे डाग पंपामुळे असू शकतात, हे खरंय, उगाच नाही म्हणणार नाही. पंपातलं औषध सगळं फुफ्फुसात राहत नाही रे, तिथून थोडं रक्तात उतरतं, आणि घशात चिकटलेलं गिळलं जातं. गिळलेलं लिव्हर बऱ्यापैकी मोडून टाकतं पण फुफ्फुसातून गेलेलं थेट अंगात फिरतं. वर्षानुवर्षं मोठा डोस असेल तर कातडीला घट्टपणा देणारं कोलॅजन कमी होतं, बारीक रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही आणि जरासा धक्का लागला तरी आत रक्त उतरतं. १९९९ साली युरोस्कोप नावाचा एक मोठा अभ्यास आला होता, सिगरेट ओढणाऱ्या सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या नळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) पेशंटवर, दिवसाला ८०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड, म्हणजे पंपातलंच एक स्टेरॉइड, तीन वर्षं. त्यात औषधवाल्यांपैकी १० टक्के लोकांना असे डाग आले आणि नुसता खोटा, औषध नसलेला पंप घेणाऱ्यांत ४ टक्के. म्हणजे पंप न घेताही काहींना येतातच, वय झालं की कातडी पातळ होतेच.

माझ्या अण्णांचं मी रोज बघायचो. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी अशी पातळ झालेली की शिरा मोजाव्यात, आणि डाग पडला की मुका मार लागल्यासारखा हिरवा-पिवळा न होता जांभळाच राहायचा, मग तपकिरी छटा सोडून जायचा. एकदा सुई टोचल्यावर लावलेली चिकटपट्टी ओढून काढली तर कातडीच सोलून आली. तेव्हापासून आमच्याकडे चिकटपट्टी बंद, जखमेवर न चिकटणारं ड्रेसिंग आणि वरून सैल बँडेज. काकूंच्या काचेच्या बांगड्या तेवढ्या सध्या काढून ठेवायला सांग, फुल बाह्यांचं ब्लाउज घालू देत आणि अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं क्रीम लावू देत.

आता मला खरी काळजी कशाची वाटली सांगतो. तू जाता जाता बोलून गेलास की पावसाळ्यात गजकर्ण झालं म्हणून काकूंना इट्राकोनाझोलच्या, म्हणजे बुरशीवरच्या कॅप्सूल दिल्यात आणि त्या अजून चालू आहेत. दिल्या, हे डॉक्टरांना सांगितलंय का? लिव्हरमधलं जे एन्झाइम ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही पंपातली स्टेरॉइडं मोडतं, तेच ही कॅप्सूल अडवते, मग तेवढ्याच पंपाचं स्टेरॉइड अंगात कितीतरी जास्त साठतं. चेहरा गोल होणं, कातडी झपाट्याने पातळ होणं, डाग वाढणं हे सगळं त्यातून होऊ शकतं. आणि त्यात भर म्हणजे गजकर्णावर लोक स्टेरॉइडची मिक्स ट्यूब चोळतात, तेही हिशोबात धर, नाकात मारायचा स्प्रे असेल तर तोही. सगळं मिळून एकच डोस होतो.

पण म्हणून पंप असा एकदम बंद नाही करायचा. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळत असेल तर शरीराचं स्वतःचं बनणं मंदावलेलं असतं, अचानक तोडलं तर गळून जायला होतं, चक्कर, बीपी खाली. आणि दमा तर उसळणारच. निळ्या पंपाने नळी तेवढी मोकळी होते, आतली सूज तशीच राहते. २०१९ पासून जिना या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या गाइडलाइनमध्येही नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असंच आहे. मी दुकानात रोज हेच सांगतो, लोकांना निळा बरा वाटतो कारण लगेच हलकं वाटतं.

स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती पोकळ नळी, वापरतात का काकू? नसतील तर घे. सावकाश ओढायचं, जमेल तसा दहा सेकंद श्वास धरायचा, मग गुळण्या करून थुंकायचं, गिळायचं नाही. याने तोंडातली बुरशी आणि आवाज बसणं टळतं, पण कातडीसाठी एवढ्यावर भागणार नाही, तिथे डोसच कमी व्हायला हवा. दोन-तीन महिने दमा नीट ताब्यात राहिला की डॉक्टर पायरी-पायरीने उतरवतात, हे तू स्वतः विचार, काकू विचारणार नाहीत.

उद्याच्या उद्या घेऊन जा त्यांना. घरातली सगळी औषधं पिशवीत भर, ट्यूबा, स्प्रे, रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीही, त्यानेही डाग वाढतात. पायावर-पोटावर डाग असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते आधी सांग, मग प्लेटलेट बघाव्या लागतील. आणि आज रात्री धाप वाढली, बोलताना दम पुरेना झाला तर उद्याची वाट बघू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

डॉक्टर काय म्हणाले ते फोन करून सांग, किती वाजले तरी चालेल. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या