सुतारमामा, पश्चिमेचं दार तुम्ही होऊ दिलं नाहीत

सुतारमामा, सा. न. वि. वि.

तुमचा फोन फक्त बोलायचा, हे ठाऊक आहे. तेव्हा नातवाकडून वाचून घ्या. चारचौघांत लिहितोय, कारण चारचौघांतच मी तुमच्याशी हुज्जत घातली होती.

लेकीकडे लंडनला गेलो तेव्हा हीथ्रो विमानतळाशेजारच्या हार्मंड्सवर्थमधलं जुनं धान्याचं कोठार पाहिलं होतं. १४२६ च्या सुमाराचं, जवळपास १९० फूट लांब, आतून सगळा ओकचा सांगाडा. तिथंच मनाशी ठरवलं, बेळगावकडच्या जांबोटीजवळच्या शेतात आपलं घर व्हायचं तर असं. फोटो घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही चष्मा लावून खांब मोजलेत आणि म्हणालात, "बारा खणी गोठा की ओ ह्यो! एवढी जनावरं कुणाची?" खण म्हणजे खांबांच्या दोन ओळींमधली जागा.

मग मी ज्ञान पाजळलं. तिकडे ओक ओला असतानाच घडवतात, कारण वाळला की तो हत्याराला दाद देत नाही. कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, खाचेत बसवून वाळक्या ओकची खुंटी मारतात. सांगाडा उभा राहिल्यावर लाकूड वर्षानुवर्षं आटत जातं, त्याला चिरा पडतात, पण सांधे आणखी आवळतात. ओकमधलं टॅनिन साधं लोखंड खातं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि काही न बोलता मला मागच्या गोठ्यात नेलंत. तुमच्या आजोबांनी जोडलेली तुळई. कुसू, खाच, आरपार खुंटी, खिळा एकही नाही. फोटोत कुसवाचं आणि खाचेचं खुंटीचं भोक जुळत नाही अशी शंका काढली, तर तुम्ही हसलात. कुसवाचं भोक अर्धा सूत, म्हणजे अगदी किंचित, आत पाडायचं, मग खुंटी ठोकली की सांधा स्वतःच ओढून घेतो. ओक मागवायचा विषय तिथंच संपला.

लाकूडही तुम्हीच शोधलंत. स्लॅबसाठी जुनी घरं पाडतात, त्यांतलेच सागाचे खांब आणि किंदळाचे वासे. "पन्नास पावसाळे खाल्लेलं लाकूड आता कुठं वाकतंय?" खांबांखाली दगडी तळखडे हवेत, हा हट्टही तुमचाच. इंजिनिअर तर लोखंडी गर्डरच घाला म्हणत होता. असो.

पण खरे आभार दाराचे. त्या कोठारांना समोरासमोर मोठी दारं असतात. मधल्या जमिनीवर मळणी करायची, दोन्ही दारं उघडायची आणि वाऱ्यावर भुसा उडवायचा. मला तसंच पूर्व-पश्चिम दार हवं होतं, काचेचं, बारा फुटी. नकाशा छापून झाला होता. तुम्ही पश्चिमेच्या बाजूला बोट ठेवलंत. "त्यांचा वारा भुसा नेतोय, आमचा वारा पाणी आणतोय." मी ऐकेना, तर तुम्ही करवत पिशवीत घातलीत. माझ्या बायकोनं चहा करून तुम्हाला परत बसवलं नसतं तर आज ते दार असतं.

पश्चिमेला तुम्ही सहा फुटी पडवी काढलीत आणि खानापुरी कौलं इतकी खाली आणलीत की मला वाकून जावं लागतं. त्याबद्दल मी कुरकुर केली होती. यंदा जुलैत पश्चिमेच्या कणकुंबीकडून सरी आडव्या आल्या, आठ दिवस ऊन नव्हतं. पडवीचा निम्मा कठडा भिजला. आत माजघरात आम्ही भुईमुगाच्या शेंगा वाळत टाकल्या होत्या.

आमच्या घराचे पाचही खण उभे आहेत. फणसाच्या दोन तुळया तेवढ्या नव्या होत्या. त्या आता आटल्यात, एका सांध्यात नख जातंय. खुंट्या सपाट कापू नका म्हणून तुम्ही बजावलं होतंत, तशाच बाहेर ठेवल्यात. दिवाळीनंतर हातोडा घेऊन या. दार उघडंच आहे, पूर्वेचं.